सोलापूरच्या उन्हाळ्यात सोड्यात गॅस कसा भरावा आणि कसा टिकवावा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत सोड्याला सर्वाधिक मागणी असते. अडचण अशी की पाणी जितके गरम, तितका त्यात सोड्याचा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कमी विरघळतो. म्हणजे ज्या ऋतूत चरचरीत सोडा हवाहवासा वाटतो, त्याच ऋतूत तो तयार करणे आणि टिकवणे सर्वांत कठीण असते. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे रेग्युलेटरची चावी आणखी फिरवून दाब वाढवणे. त्याने काम काही अंशी होते, परंतु गॅस वाया जातो, बाटलीवर ताण येतो आणि ग्लासात ओतलेला सोडा दोन मिनिटांत सपक होतो. घरी लहान सिलिंडरवर सोडा तयार करणाऱ्यांनी आणि सोड्याची छोटी गाडी चालवणाऱ्यांनी दाब व तापमान यांचा परस्परसंबंध एकदा नीट समजून घेतला, तर पुढील प्रत्येक कृतीचे कारण आपोआप उलगडते. म्हणून आधी थोडे तत्त्व आणि मग कृती, असा क्रम येथे ठेवला आहे.

मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम असा आहे की, ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण हे त्या द्रवावर त्याच वायूचा जितका दाब असतो, त्याच्या समप्रमाणात असते. दाब दुप्पट केला की विरघळलेला वायूही दुप्पट होतो. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस असेल आणि त्यावर शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) दाब असेल, तर एका लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम वायू विरघळतो. दाब दोन वातावरण केला तर सुमारे ३.४ ग्रॅम. हेच पाणी ५ अंशांवर असेल तर एका वातावरणाच्या दाबाखालीच सुमारे २.८ ग्रॅम वायू मावतो, आणि ४० अंशांवर जेमतेम एक ग्रॅम. थंडपणा दाबाचेच काम करतो, असे म्हणता येईल ते यामुळेच.

नियमातील ‘त्याच वायूचा’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पाण्यावर एकूण दाब किती आहे याला येथे महत्त्व नाही. त्या दाबात कार्बन डायऑक्साइडचा वाटा किती आहे, यालाच आहे. आपल्या सभोवतालच्या हवेत हा वायू साधारण ०.०४ टक्के इतकाच असतो. त्यामुळे उघडा ठेवलेला सोडा शेवटी जवळजवळ साध्या पाण्यासारखा होणार, हे ठरलेलेच असते. किती वेळात होणार एवढाच प्रश्न उरतो. बाटलीत कार्बन डायऑक्साइडऐवजी साधी हवा राहिली किंवा भरली, तर दाबमापकाचा काटा वर चढलेला दिसतो, पण सोडा मात्र फिका राहतो. घरगुती सोडा बिघडण्यामागे हे कारण अनेकदा असते, आणि काट्यावर विश्वास ठेवल्यामुळे ते लक्षात येत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. सोड्यातील गॅस मोजण्याची व्यवसायातील रीत अशी आहे की, एक लिटर पेयात शून्य अंश तापमानाच्या आणि एका वातावरणाच्या दाबाच्या हिशेबाने किती लिटर गॅस विरघळला आहे, ते सांगायचे. साडेतीन लिटर गॅस, म्हणजे वजनाने जवळजवळ सात ग्रॅम, असेल तर सोडा जिभेला चांगला चरचरीत लागतो. एवढा गॅस मावण्यासाठी दाबमापकावर किती दाब दिसायला हवा, हे पूर्णपणे पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी कमी असतो. तो हिशेबात धरून आलेले आकडे पुढे दिले आहेत. येथे ‘किलो’ म्हणजे दाबमापकावर दिसणारे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम.

पाणी ५ अंशांवर असेल तर सुमारे १.६ किलो, म्हणजे २२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), दाब पुरतो. १० अंशांवर तो २ किलोच्या थोडा वर, म्हणजे २९ पीएसआय लागतो. २० अंशांवर ३.१ किलो, म्हणजे ४५ पीएसआय. ३० अंशांवर साडेचार किलो, म्हणजे ६३ पीएसआय. आणि गच्चीवरील टाकीतून थेट आलेले ४० अंशांचे पाणी वापरले, तर तोच सोडा करण्यासाठी ५.८ किलो, म्हणजे ८३ पीएसआय, इतका दाब द्यावा लागतो. फ्रिजमधील पाण्याच्या तुलनेत हा साडेतीन पटींहून अधिक दाब आहे. माझ्या मते सोडा करणाऱ्याने या सर्व विषयातील एकच गोष्ट पक्की करायची असेल, तर ती हीच करावी: रेग्युलेटरला हात लावण्याआधी पाणी थंड करावे.

कृतीची सुरुवात पाण्यापासूनच होते. पाण्यात आधीपासून विरघळलेली हवा असते, आणि सोडा उघडताच ती बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइडलाही आपल्याबरोबर बाहेर काढते. यासाठी पाणी पाच-दहा मिनिटे चांगले उकळावे, झाकून निववावे आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये. त्यातील बायकार्बोनेटमुळे सोड्याची नैसर्गिक आंबूस चव दबते. पिण्याचे गाळलेले पाणी उत्तम. साखर, मीठ, लिंबू यांपैकी काहीही या टप्प्यावर घालू नये, कारण विरघळलेल्या साखरेने आणि मिठाने पाण्याची वायू सामावण्याची क्षमता थोडी घटते, आणि गॅस भरताना फेस उसळून नळीत शिरतो. आधी साधा सोडा, नंतर चव, हा क्रम सोडू नये.

बाटलीची निवड हा सुरक्षिततेचा विषय आहे. शीतपेयाची जाड प्लास्टिकची बाटली दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. तिचा तळ पाकळ्यांसारखा फुगीर असतो. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली त्यासाठी नसते आणि ती वापरू नये. सरबताच्या किंवा सॉसच्या काचेच्या बाटलीत गॅस भरणे धोक्याचे आहे, कारण काच फुटते तेव्हा तिचे तुकडे दूर उडतात. प्लास्टिकच्या बाटलीवर चरा, घडी किंवा पांढरा पडलेला भाग दिसला की ती बाद करावी. घरी दाब ३ किलोच्या वर नेऊ नये; थंड पाणी असेल तर त्याची गरजही पडत नाही.

बाटलीत थंड पाणी सुमारे चार पंचमांश भरावे. मग बाटली हाताने दाबून पाणी अगदी तोंडापर्यंत आणावे, म्हणजे वरची हवा निघून जाते, आणि त्याच अवस्थेत गॅस भरण्याचे झाकण लावावे. ही हवा काढण्याची पायरी क्षुल्लक वाटते, पण वर सांगितलेला ‘त्याच वायूचा’ दाब मिळतो तो हिच्यामुळे. आता नळी जोडून दाब २ ते २.५ किलोवर ठेवावा. बाटली टणक होते. गॅसची नळी जोडलेलीच ठेवून बाटली आडवी धरावी आणि एक ते दोन मिनिटे जोराने हलवावी. सिलिंडरमधून गॅस येत असल्याचा आवाज हळूहळू मंदावतो आणि थांबतो. तो थांबला की पाणी त्या दाबाला जितका वायू घेऊ शकते तितका त्याने घेतला, असे समजावे.

येथे एक शंका हमखास निघते. बंद बाटली हलवून उघडली तर सोडा उसळतो आणि गॅस जातो, मग हलवल्याने गॅस भरतो कसा? उत्तर असे की, हलवण्याने वायू आत किंवा बाहेर जाण्याची दिशा ठरत नाही. ती दाब ठरवतो. हलवल्याने पाणी आणि वायू यांचा संपर्क कित्येक पटींनी वाढतो आणि जे सावकाश घडणार होते ते लवकर घडते. वरचा दाब अधिक असेल तर वायू वेगाने आत जातो, कमी असेल तर वेगाने बाहेर येतो. स्थिर उभ्या बाटलीत केवळ पृष्ठभागातून वायू विरघळू दिला, तर त्याच कामाला काही दिवस लागू शकतात.

भरलेली बाटली लगेच उघडू नये. नळी काढून ती फ्रिजमध्ये निदान तासभर उभी ठेवावी, म्हणजे हलवताना पाण्यात मिसळलेले सूक्ष्म बुडबुडे विरून जातात. गॅस पुरेसा गेला की नाही हे तपासण्यासाठी स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा पुरेसा आहे. झाकण लावलेल्या बाटलीचे गॅस भरण्यापूर्वी वजन करावे, आणि भरल्यानंतर बाटलीवर जमलेले दव कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करावे. एक लिटर पाण्यामागे सात ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली, तर काम उत्तम झाले. चार ग्रॅम दिसली, तर पाणी पुरेसे थंड नव्हते किंवा आत हवा राहिली होती. ही पद्धत मला दाबमापकापेक्षा अधिक विश्वासाची वाटते, कारण काटा पाण्यावरचा दाब दाखवतो, पाण्यातला वायू दाखवत नाही.

सिलिंडरबद्दल सोलापूरकरांनी विशेष जागरूक राहायला हवे, आणि त्याचे कारण कार्बन डायऑक्साइडच्या स्वभावात आहे. सिलिंडरमध्ये हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. २० अंशांवर आतील दाब सुमारे ५८ किलो असतो, ३० अंशांवर ७३ किलोपर्यंत जातो. परंतु ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतील तापमानही दिवसभर या मर्यादेच्या वर असते, आणि त्यानंतर सिलिंडरमधील दाब तो किती भरलेला आहे यावर अवलंबून झपाट्याने वाढत जातो. म्हणून सिलिंडर उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, शेगडीजवळ किंवा बंद गाडीत ठेवू नये. ठरलेल्या वजनापेक्षा अधिक भरून घेऊ नये. आणि रेग्युलेटरशिवाय तो कधीही बाटलीला जोडू नये. सिलिंडर नेहमी उभा ठेवून साखळीने बांधावा, कारण आडवा पडल्यास वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. वायू खाद्यदर्जाचाच घ्यावा. वेल्डिंगसाठी किंवा आग विझवण्यासाठी भरलेला वायू पिण्याच्या कामाला वापरू नये. हा वायू हवेपेक्षा जड असून बंद खोलीत खाली साचतो आणि श्वास कोंडवतो, त्यामुळे काम हवेशीर जागी करावे. कोरड्या बर्फाचा, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा बाटलीत टाकून झाकण लावण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये; त्या दाबाला कोणताच नियंत्रक नसतो आणि बाटली फुटतेच.

गाडीवर सोडा विकणाऱ्यांसाठी गोटी सोड्याची बाटली हे दाब समजून घेण्याचे उत्तम साधन आहे. हायरम कॉड या इंग्रज व्यावसायिकाने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या तोंडाला आत रबरी वॉशर असतो. बाटली भरताना उलटी केली जाते, त्यामुळे गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येते, आणि बाटली सरळ केल्यावर आतील गॅसचा दाब तिला वॉशरवर घट्ट धरून ठेवतो. वेगळे बूच नाही, तार नाही. आतला दाबच बाटलीचे झाकण सांभाळतो. वॉशर झिजला आणि गॅस झिरपत राहिला, तर एक वेळ अशी येते की आतला दाब गोटीला पेलू शकत नाही आणि ती खाली पडते. त्यामुळे क्रेटमधील एखाद्या बाटलीची गोटी सैल दिसली की ती बाटली गिऱ्हाइकाला देऊ नये आणि तिचा वॉशर बदलावा.

हीच बाटली ऋतूप्रमाणे किती वेगळी वागते, हे आकड्यांवरून दिसते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत रात्री तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा साडेतीन लिटर हिशेबाचा सोडा भरलेल्या बाटलीत दाब सुमारे अडीच किलो असतो. मे महिन्याच्या दुपारी तीच बाटली ४० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेपाच किलोच्या घरात जातो. आतील गॅस तेवढाच असतो. पाण्याने त्याला धरून ठेवणे मात्र सोडलेले असते. अशी तापलेली बाटली फोडली की अर्धा सोडा फेसाबरोबर बाहेर येतो आणि उरलेल्यात जीव राहत नाही. गाडीवर फ्रिज नसेल तर क्रेटवर ओले गोणपाट टाकून ते सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावे आणि वाळू देऊ नये. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन जोरात होते आणि बाटल्या बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज थंड राहतात. वर दिलेल्या आकड्यांत ४० अंशांवरून ३० अंशांवर येण्याने दाब कितीने उतरतो ते पाहिले, तर या साध्या गोणपाटाची किंमत कळेल. पावसाळ्यातील दमट हवेत मात्र हा उपाय तितका चालत नाही. तेव्हा बर्फच हवा.

घरोघरी पडणारा प्रश्न अर्ध्या उरलेल्या बाटलीचा असतो. दोन लिटरच्या बाटलीत एक लिटर सोडा उरला आहे आणि त्यात अजून साडेतीन लिटर हिशेबाचा गॅस आहे, असे समजू. झाकण घट्ट लावले, तरी वरच्या रिकाम्या एका लिटर जागेत पुरेसा दाब तयार होईपर्यंत गॅस पाण्यातून वर येतच राहतो. बाटली २५ अंशांवर ठेवली, तर समतोल साधेपर्यंत पाण्यात जेमतेम १.६ लिटर गॅस उरतो, म्हणजे निम्म्याहून अधिक वर गेलेला असतो. तीच बाटली ५ अंशांवर ठेवली, तर सुमारे २.१ लिटर उरतो. आणि बाटलीत केवळ पाव भाग सोडा उरला असेल व ती बाहेर राहिली, तर पाऊण लिटरच गॅस उरतो. तो सोडा चवीला मेलेलाच लागतो. यात झाकणाचा काही दोष नाही, रिकाम्या जागेचा आहे. म्हणून उरलेला सोडा अलगदपणे लहान बाटलीत, तोंडापर्यंत ओतून ठेवणे हा खरा उपाय आहे. ओतताना थोडा गॅस जातो हे खरे, पण दोन्ही बाटल्या थंड असतील आणि धार कडेने सोडली, तर मोठ्या रिकाम्या जागेत जाणाऱ्या गॅसपेक्षा तो पुष्कळच कमी असतो.

उरलेल्या सोड्याच्या बाटलीला चेपून हवा काढण्याची सवय पुष्कळांना आहे. गॅस भरताना ही कृती योग्य असते, कारण तेथे सिलिंडरमधून नवा वायू येणार असतो. उरलेल्या सोड्याच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे: सोड्यातून निघणारा गॅस चेपलेल्या बाटलीला पुन्हा फुगवतो, आणि ती जागा भरण्यासाठी खर्च होतो तो आपलाच गॅस. झाकणावरील लहान पंपाने हवा भरण्याचेही तसेच. त्याने एकूण दाब वाढतो आणि बुडबुडे सुटण्याचा वेग काही काळ मंदावतो, परंतु कार्बन डायऑक्साइडचा वाटा वाढत नसल्याने शेवटी पाण्यात उरणारा गॅस तेवढाच राहतो.

बाटली उघडताना ती आधी पूर्ण थंड केलेली असावी आणि झाकण थोडेसे सैल करून फुस्स असा आवाज थांबेपर्यंत धरून ठेवावे. उघडताक्षणी पाण्यावरचा दाब उतरतो, तरी सर्व वायू लगेच बाहेर पडत नाही. बुडबुडा तयार व्हायला त्याला एखादा आधार लागतो. काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण, मिठाचा दाणा, बर्फाचा खडबडीत पृष्ठभाग यांच्या खाचांत अडकलेली हवा तो आधार पुरवते. म्हणून ग्लास स्वच्छ धुतलेला, थंड आणि आतून ओला असावा, आणि बर्फ वापरायचा असल्यास त्याचे खडे आधी थंड पाण्याखाली फिरवून घ्यावेत, म्हणजे त्यांची धारदार टोके आणि वरचा बारीक चुरा निघून जातो.

मसाला सोड्यात मीठ आणि जिऱ्याची पूड भरलेल्या सोड्यावर टाकली, की फेसाचा डोंगर उठतो आणि ते दृश्य गिऱ्हाइकाला आवडते. पण एवढ्या मेहनतीने विरघळवलेला गॅस पिणाऱ्याच्या तोंडात जाण्याऐवजी हवेत जातो. मीठ, मसाला, साखरेचा पाक आणि लिंबाचा रस आधी ग्लासाच्या तळाशी दोन चमचे थंड पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा, ग्लास तिरका धरून सोडा कडेने ओतावा, आणि लांब चमचा तळापासून एकदाच हळू वर आणून ग्लास पुढे करावा.